पूनमसिंगच्या जीपचा काटा आणि लालीकाकीच्या नऊ बकऱ्या

पूनमसिंग राठोडला बावन्न वर्षांत लोकांनी बरंच काही म्हटलं होतं. चौकशीखोर म्हटलं, हट्टी म्हटलं, बायकोनं तर एकदा रेडिओ खोलून बसला म्हणून जेवायला वाढायचं सोडून दिलं होतं. पण खोटारडा असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे त्या गुरुवारी सकाळी लालीकाकी आपल्या बकऱ्या सोडून जीपसमोर आडवी उभी राहिली आणि कापूस वेचायला निघालेल्या अकरा बायांसमोर बोलली, तेव्हा आधी त्याला कळलंच नाही की ती त्यालाच बोलते आहे.

"झेंड्याखाली शपथ कोनं घेतलती रे?"

"म्या घेतलती. काहून?"

"मंग मोडून काहून राह्यला?"

पूनमसिंगनं इंजिन बंद केलं. "मोडली कुठी काकी? तीसची बोली हाये, तीसवरच आलो. हे पाय, काटा पाय."

"मले काटा नको दाखवू. मले डोळे हायेत."

"डोळे!" पूनमसिंग मागे वळून बायांना म्हणाला, "नऊ बकऱ्या हायेत, संध्याकाळी मोजते त आठ भरतात. सारा तांडा धुंडतो आम्ही नववी. अन् हे माह्या गाडीची स्पीड सांगते! काकी, आधी चष्मा लाव, मंग भांड."

जीपमधल्या बाया खिदळल्या. लालीकाकी हसली नाही. तिनं शेवटची बकरी काठीनं कडेला घेतली आणि शांतपणे म्हणाली, "ठीक हाये. नायकालेच सांगतो मी."

आणि तिनं खरंच सांगितलं.

रामजी नायकाचा तांडा आर्णीपासून चौदा किलोमीटरवर आहे. घरं ऐंशी-नव्वद. मधून डांबरी रस्ता जातो. एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला नाल्याचा पूल आणि मध्ये सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढचा पांढरा झेंडा. चार वर्षांपूर्वी या रस्त्यावर कुठल्याशा अनोळखी पिकअपनं मानीबाईला उडवलं होतं. डोक्यावरची घागर घेऊन ती रस्ता ओलांडत होती. वाचली, पण कंबर गेली. तेव्हापासून काठी आली. ती दवाखान्यातून परतली त्या आठवड्यात तांड्यातल्या पाचही गाडीवाल्यांनी झेंड्याखाली उभं राहून शपथ घेतली: शाळा ते पूल, तीसच्या वर जायचं नाही. मोडेल त्याची गाडी पंधरा दिवस उभी. ही शपथ सुचवणारा पूनमसिंगच होता. तीस हा आकडाही त्याचाच.

म्हणून तांड्याचा आत्ताचा नायक, म्हणजे प्रमुख, राजकुमार याचा निरोप आला, की रविवारी सकाळी नसाब बसेल, तेव्हा पूनमसिंगनं निरोप्याला तो दोनदा सांगायला लावला. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. जमिनीचे, सोयरिकीचे वाद तिथं सुटतात. त्यानं तिथं आजवर फक्त साक्षी दिल्या होत्या. त्याचा शब्द तिथं चालायचा.

गाडी पंधरा दिवस उभी राहणं म्हणजे ऐन वेचणीत बायांना पायी पाठवणं, हे तर होतंच. पण त्याला खरी टोचणी वेगळी होती. सत्तावीस वर्षं तो गाडी चालवत होता. आजोबांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, बापानं बैलबंडी हाकली, त्यानं ऊसतोडीच्या ट्रकवर क्लीनर राहून स्टेअरिंग धरलं. पुढे ही जुनी जीप घेतली. बाळंतिणी नेल्या, नवरदेव नेले, मयतसुद्धा आणले. तांड्यातून जाताना काट्यावर नजर ठेवून तीसला गाडी बांधायची आणि पूल ओलांडेपर्यंत पाय हलू द्यायचा नाही, ही त्याची रोजची शिस्त होती. देवाला हात जोडावेत तशी.

आणि लालीकाकी खोटं बोलणारी बाई नव्हती. हीच पंचाईत होती. दोघंही खरं बोलत असले, तर मग चुकत कोण होतं?

शुक्रवारी संध्याकाळी राखी आली. राखी त्याची मुलगी. यवतमाळला पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. बॅग ठेवायच्या आत बापानं तिला ओसरीवर बसवलं आणि सगळी हकिकत सांगितली. शेवटी म्हणाला, "अन् एक गोष्ट कोणाले सांगतली नाही. आर्णी जवळ आली."

"म्हणजे?"

"आधी इथून बसस्टँडपर्यंत मीटरवर चौदा पडे. आता पावणेअकरा पडते. दीड वर्षापासून. म्या म्हटलं रस्ता नवीन झाला, वळणं सरळ केली असन. पण वळण त एकबी सरळ नाही केलं, म्या पाह्यलं. वरून डिझेल जास्त लागते. पंपवाल्यासंगं दोनदा भांडलो, माप कमी देते म्हणून."

राखी बापाकडे बघत राहिली. मग तिनं खिशातून मोबाइल काढला. "बा, उद्या सकाळी गाडी काढ. यात दिसते किती स्पीड हाये ते."

"मोबाइल नको. मोबाइलवर पाऊस बी दिसते, अन् येत नाही. नसाबमध्ये लोक हसतीन. दगडानं मोज."

किलोमीटरचे दगड त्याला देवळांसारखे पाठ होते. सकाळी सात वाजता, रस्ता मोकळा असताना, दोघं आर्णीच्या बाजूला गेले. दोन दगडांमधल्या सरळ पट्टीवर त्यानं काटा तीसवर धरला. राखीच्या हातात घड्याळ. तीसच्या वेगानं एक किलोमीटर जायला बरोबर दोन मिनिटं लागतात, म्हणजे एकशेवीस सेकंद. इतकं गणित पूनमसिंगलाही येत होतं.

दुसरा दगड गेला. राखीनं घड्याळ पुन्हा एकदा पाहिलं.

"किती?"

"ब्याण्णव."

"दगड चुकीचा असन."

पुढच्या दगडाला त्र्याण्णव आले. परत येताना पुन्हा ब्याण्णव. पूनमसिंगनं जीप एका बाभळीखाली घेतली आणि स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला. राखीनं वहीत भागाकार केला. काटा तीस दाखवत होता तेव्हा जीप एकोणचाळीसनं पळत होती.

"म्हणजे काकी..." तो एवढंच म्हणाला.

पण राखीचं कुतूहल आता कुठं जागं झालं होतं. "बा, काहून झालं असन ते पाहू ना. टायर कधी बदलले तू?"

टायर बदलले होते दीड वर्षापूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर. काळ्या मातीत, शेतातल्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, जीप पोटापर्यंत फसायची. एकदा तर बाळंतपणाला निघालेल्या बाईला अर्धा तास चिखलात बसवून ठेवावं लागलं होतं. तेव्हा त्यानं भंगारातल्या एका पिकअपची चाकं रिमसकट उचलली आणि जीपला चढवली. जीप उंच झाली, फसायची बंद झाली. पोरं तिला हत्ती म्हणू लागली.

"जुनी चाकं कुठी हायेत?"

रिम विकले होते. टायर मात्र घरीच होते. तांड्यातल्या प्रत्येक घराचे असतात तसे, टिनाच्या छपरावर, वादळात पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले. पूनमसिंग शिडी लावून चढला आणि त्यातला एक खाली ढकलला. राखीनं त्याच्या घेराभोवती बैलाचं दावं गुंडाळून खूण केली. मग तेच दावं जीपच्या चाकाभोवती गुंडाळलं. वीतभराहून जास्त कमी पडलं. टेपनं मोजलं तर जुना घेर दोनशे एकवीस सेंटीमीटर, नवा दोनशे त्रेपन्न.

"पाय," राखी म्हणाली. "काट्याले रस्ता दिसत नाही. त्याले चाकाचे फेरे समजतात. एका फेऱ्यात गाडी किती पुढं जाते हे त्याले कंपनीनं एकदाच शिकवलं, तेच तो धरून बसला. तू पाय लांब केला, पण त्याले सांगतलंच नाही."

"हे त झालं. म्हणजे सुटलं कोडं."

"नाही ना सुटलं. या घेरानं तीसचे चौतीस होतात. अन् कंपनीचा काटा मुळात थोडा जास्तच दाखवते, कमी दाखवायची त्याले परवानगीच नसते. म्हणजे चौतीसबी नाही, बत्तीसच यायले पायजे. एकोणचाळीस कुठून आले? वरचे सात कोणाचे, बा?"

पूनमसिंग शिडी परत लावायला गेला. शिडी लावून झाली तरी तिथंच उभा राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "मीटर बी बदललंतं."

"कधी?"

"तवाच. जुन्या मीटरचा काटा लय थरथरे. बंडीत बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. त्याच भंगारवाल्याकडं एक पडलंतं, कोणत्या तरी दुसऱ्या गाडीचं. बसलं बरोबर. काटा असा स्थिर, रेघ मारल्यासारखा." आता तो वळला. "स्थिर होता म्हणून माह्या जिवाले बरं वाटे. म्या म्हटलं, हा खरा."

राखी हसली नाही. हसण्यासारखं होतं, पण बापाचा चेहरा पाहून तिनं वही मिटली.

दुपारी पूनमसिंग लालीकाकीच्या घरी गेला. ती दारात तुरीच्या काड्या मोडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"चष्मा आणला का माह्यासाठी?"

"काकी, मले एक सांग. तुले कसं समजलं?"

"काय कसं समजलं?"

"गाडी जोरात हाये म्हणून. मले गाडीत बसून नाही समजलं दीड वर्ष. तुले बाहेरून कसं समजलं?"

लालीकाकीनं काडी खाली ठेवली. भांडायला आलेल्या माणसाला उत्तर देणं तिला सोपं गेलं असतं; हा तर खरंच विचारत होता. ती उठली. "चाल, दाखवतो."

तिची जागा नाल्याच्या अलीकडं होती. तिथून निंबाच्या झाडाकडचं वळण दिसायचं. वळणावर गाडी दिसली की, आवाजानं बुजून पांगायच्या आत, ती बकऱ्यांना हाळी द्यायची आणि त्या एकामागून एक रस्ता ओलांडायच्या. "आधी तुही गाडी निंबापाशी दिसली की माह्या नऊच्या नऊ पार होत. मंग तू ये. आता सात पार होतात, दोन इकडंच राह्यतात, अन् तू मधात. म्हणून त संध्याकाळी मोजणी चुकते. राह्यलेल्या दोघी बुजून कोणाच्याबी वावरात पळतात; एक येते मांगून, दुसरी नाही येत."

नववी बकरी शोधायला पूनमसिंग स्वतः तीनदा बॅटरी घेऊन गेला होता.

"आता बकऱ्या बांधलेल्या हायेत," काकी म्हणाली. "पण मी त्याईचे नावं घेतो, जशा त्या जातात तशा. तू गाडी आणायले सांग."

पूनमसिंगनं राखीला जीप घेऊन पाठवलं. तिला त्यानंच शिकवलं होतं. काटा तीसवर ठेवून ये, असं सांगितलं आणि तो काकीशेजारी रस्त्याच्या कडेला उभा राहिला. सत्तावीस वर्षांत स्वतःची गाडी समोरून येताना त्यानं कधी पाहिली नव्हती.

निंबापाशी जीप दिसली. काकी बोलू लागली, सुपातून धान्य पाखडावं तशा चालीत. "काळी... बुची... चांदी... कबरी... टिकली... भुरी... राणी..."

पुढचं नाव तिच्या तोंडातच राहिलं. जीप समोरून निघून गेली. वाऱ्यानं तिच्या ओढणीचं टोक उडालं आणि पूनमसिंगनं नकळत एक पाऊल मागं घेतलं. एवढी मोठी दिसते ही? आतून तर खुर्चीवर बसल्यासारखं वाटतं.

राखीनं हिशोब करून सांगितलं, की खरे तीस हवे असतील तर काटा तेवीसवर ठेवावा लागेल. ती पुन्हा वळणामागं गेली आणि आली. काकीनं नऊही नावं घेतली, शेवटी "मोती" म्हणून तोंड मिटलं, आणि मग जीप आली.

"हे," काकी म्हणाली. "हे होतं आधीचं."

पूनमसिंगला टाळी वाजवावीशी वाटली. दगड, दावं, घड्याळ, भागाकार, आणि इकडं नऊ नावं, उत्तर एकच. "काकी, तुह्या बकऱ्या घड्याळ हायेत! एक बकरी म्हणजे जवळपास एक सेकंद. राखी, पाय ना!"

"तुमचा खेळ झाला असन त माहं बी मोजा," मागून आवाज आला. मानीबाई काठी टेकत ओट्यावरून उठून आली होती. "माहं वालं किती बकऱ्याचं हाये?"

सगळे हसले, मानीबाईसकट. पण राखीनं घड्याळ हातात घेतलंच. मानीबाई या कडेवरून त्या कडेला निघाली: काठी, पाय, मग दुसरा पाय ओढून जवळ. मध्ये एकदा थांबली. पलीकडं पोचली तेव्हा चौदा सेकंद झाले होते.

राखीनं निंबाच्या वळणापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. ऐंशी मीटर. मग रस्त्यावरच उकिडवी बसून तिनं वहीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पूनमसिंग तिच्या डोक्यावरून वाकून पाहत होता.

"खऱ्या तीसनं आली तरी गाडी साडेनऊ सेकंदात इथी येते," ती म्हणाली. "मानीआजी अजून रस्त्यातच असते."

"मंग कितीनं यायले पायजे?"

"वीस."

तीस हा आकडा आपण कुठून आणला होता, ते पूनमसिंग आठवत होता. कुठल्याशा घाटातल्या पाटीवर पाहिला होता बहुतेक. ज्या बाईसाठी शपथ घेतली, तिला रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो हे पाच गाडीवाल्यांपैकी एकानंही पाहिलं नव्हतं. तीही शपथेच्या दिवशी तिथंच बसली होती, कंबरेला पट्टा बांधून.

रविवारी मंदिरापुढं सतरंज्या पडल्या. राजकुमार नायक मध्ये बसला; पाच गाडीवाल्यांपैकी तोही एक होता, जुनी गाडी देऊन नुकतीच कार घेतलेला. बाया एका बाजूला. लालीकाकी पहिल्या रांगेत, ओढणी घट्ट खोचून.

"लालीबाई म्हणते तू शपथ मोडली," नायक म्हणाला. "तुहं काय म्हणणं?"

"मोडली," पूनमसिंग म्हणाला.

कुजबुज झाली. त्यानं मग सगळं सांगितलं: दगड, ब्याण्णव सेकंद, दावं, भंगारातलं मीटर. राखीनं वही दाखवली. ऐकता ऐकता नायकाचा चेहरा सैल झाला. "हात तिच्या! म्हणजे चूक मीटरची. तुले त माहीतच नव्हतं. वेचणीचे दिवस हायेत, बायाईले पायी कायले धाडायचं? मीटर बदलून घे, विषय संपला."

"नाही संपला," पूनमसिंग म्हणाला. "मीटरनं शपथ नव्हती घेतली, नायक. म्या घेतलती. अन् आर्णी तीन किलोमीटर जवळ आली तवा मले समजाले पायजे होतं. मले दिसत होतं, म्या इचारलं नाही. पंपवाल्यावर आळ घेतला. अन्..." त्यानं बायांच्या बाजूला पाहिलं. "अन् अकरा बायासमोर काकीले आंधळी म्हटलं. ते शब्द मी इथी, साऱ्यासमोर मांगं घेतो. काकीचं खरं होतं. दीड वर्ष तिचंच खरं होतं."

लालीकाकीनं खोचलेली ओढणी सैल केली. "मले एवढंच पायजे होतं," ती म्हणाली. "दंड-फिंड तुमचं तुम्ही पाहा."

"पण शिक्षा होईन," पूनमसिंग म्हणाला. "अन् दुसरं, तीस बी चुकलं होतं. वीस पायजे." आणि त्यानं मानीबाईचे चौदा सेकंद सांगितले.

आता मात्र गाडीवाले उसळले. वीसनं तर बैल जाते! ब्रेक घासतीन! नायकही म्हणाला, "नवीन गाडीले इतकं हळू जमत नाही बाप्पा." मानीबाई जागची उठली, कोणाशी काही न बोलता रस्त्याच्या कडेला गेली आणि ओलांडायला लागली. काठी, पाय, दुसरा पाय. नायकाची नजर नकळत मनगटावरच्या घड्याळाकडं गेली. ती पलीकडं पोचेपर्यंत त्याला निंबाच्या वळणाकडं दोनदा पाहावं लागलं.

"वीस," तो म्हणाला. "अन् पाचही गाड्या दगडावर मोजायच्या. माही बी." नंतर मोजल्यावर नायकाची कार काट्यावर तीस आणि खरी अठ्ठावीस निघाली. तो इतका खूश झाला, की चार दिवस तेच सांगत फिरला. राखीनं प्रत्येक गाडीच्या मीटरच्या काचेवर खऱ्या वीसच्या जागी आपल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. पूनमसिंगच्या जीपवर तो पंधराजवळ आला.

पण ती जीप पंधरा दिवस अंगणात उभी राहिली. नसाबनं शेवटी त्याचं म्हणणं मानलं. वेचणीच्या बाया पायी जाऊ लागल्या आणि पहिल्या दिवशी त्यांनी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. "शपथ तुही, पाय आमचे!" एक म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून पूनमसिंगही त्यांच्यासोबत चालू लागला, गाठोडी घ्यायला. रस्त्याच्या उजव्या कडेनं, डांबराच्या बाहेर, जिथं गिट्टी पायाखाली सरकते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन तो पुलापलीकडच्या रस्त्यानं परतत होता. मान वळवता येत नव्हती. मागून गाडीचा आवाज आला. तो कडेला सरकला, डोळे समोरच ठेवले आणि नुसतं ऐकत राहिला. गाडी गेली.

"पन्नास असन," तो शेजारच्या बाईला म्हणाला.

"साठ," ती म्हणाली. "पन्नासवाली अशी नाही वाजत."

पूनमसिंग चालता चालता थांबला. "मंग कशी वाजते?"

"थांब ना. येईन एखादी."

आणि तो थांबला, गाठोड्यासकट, कान मागं लावून.